मुख्याध्यापकांच्या स्वेटरातला बर्फ

"स्वेटर गरम असतो, बाई. हे शेंबड्या पोरालाही कळतं," मुख्याध्यापक म्हणाले आणि तिथेच फसले.

विज्ञानाच्या बाईंना जिन्याखालची अडगळीची खोली प्रयोगशाळेसाठी हवी होती. वर्षभर विनवण्या झाल्या, पण किल्ली सरांच्या खिशातून हलेना. आज सातवीच्या वर्गात बाईंनी बर्फाचे दोन सारखे तुकडे आणले होते. एक उघड्या ताटलीत, दुसरा पिशवीत घालून स्वेटरात गुंडाळायचा. आधी कोणता वितळेल?

"स्वेटरातला. मधल्या सुट्टीपर्यंत टिकला तर खोली तुमची. नाही टिकला तर पुन्हा विषय काढायचा नाही," सर म्हणाले. "हा घ्या, माझाच स्वेटर. बर्फ वितळला की परत द्या."

सर म्हणजे सर्दीचं माहेरघर. स्वेटर, मफलर आणि कानटोपी बाराही महिने अंगावर. ते मागच्या बाकावर राखणीला बसले. ताटलीत पाणी साचू लागलं, गाठोडं मात्र ढिम्म. सरांना चैन पडेना. उठून त्यांनी गळ्यातला मफलर गाठोड्याभोवती आवळला.

"बाई, सर चीटिंग करतायत," पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली.

"करू देत," बाई म्हणाल्या. पण त्याही सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. पुस्तकातला प्रयोग पुस्तकात कधी फसत नाही, वर्गात मात्र हमखास दगा देतो.

मग कानटोपी चढली. मग शिपायाकडून ब्लँकेट आलं. "आता बघा कसं पाणी पाणी होतं ते," सर दात वाजवत म्हणाले.

घंटा झाली. ताटलीत नुसतं पाणी उरलं होतं. मुलांनी ब्लँकेट काढलं, टोपी काढली, मफलर सोडला, स्वेटर उलगडला. आत बर्फ जवळजवळ होता तसाच, जरा कोपरे झिजलेले. मुलांनी बाकं बडवून वर्ग डोक्यावर घेतला.

"स्वेटरला स्वतःची ऊब नसते, सर," बाईंना आनंद लपवता येईना. "तो आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही, तशीच बाहेरची आत येऊ देत नाही. तुम्ही थरावर थर चढवलेत म्हणून तर इतका टिकला."

सर सटासट शिंकले आणि त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. "घ्या बाई, जिंकलात. आता तेवढा स्वेटर द्या."

"असं कसं, सर?" चष्मेवाली म्हणाली. "बर्फ वितळला की परत, असं तुम्हीच म्हणालात."

आणि तिने बर्फ पुन्हा नीट स्वेटरात गुंडाळला, वरून मफलरही आवळला.