गायकवाड काका आणि बघणारी कंपनी

गायकवाड काकांच्या जॅकेटवर आठ-नऊ कंपन्यांची नावं आहेत. त्यांतल्या एकाही कंपनीला गायकवाड काका माहीत नाहीत.

पाठीवर पिवळ्या अक्षरांत टायरची कंपनी, छातीवर बॉल बेअरिंग, उजव्या खांद्यावर खाद्यतेल, आणि पोट जिथे सगळ्यांत पुढे येतं तिथे, मोक्याची जागा म्हणून, इन्व्हर्टरची बॅटरी. डाव्या बाहीवर सोनेरी दोऱ्याने नुसतंच ‘सुपर डिलक्स’ असं भरलेलं आहे. ती कंपनी काय बनवते हे काकांनाही ठाऊक नाही; अक्षर झकास होतं म्हणून घेतलं. असे भरतकामाचे पॅच उल्हासनगरच्या बाजारात डझनावर मिळतात. काकूंनी ते दुपारच्या मालिका बघत बघत शिवलेत, त्यामुळे टायरची कंपनी जरा तिरकी बसली आहे.

“काका, हे कशाला?” मी विचारलं.

“रिकाम्या हॉटेलात कोणी जेवायला शिरतं का?” काका म्हणाले. “चार टेबलं भरलेली दिसली की पाचवा आत येतो. कंपनीपण तेच बघते. या माणसाला अगोदर कोणी घेतलाय का?”

गायकवाड काका बदलापूर पूर्वेला आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत जन्मभर फिटर होते, आता निवृत्त. छंद एकच, गळ टाकून मासे पकडणे. आणि निवृत्तीनंतरची महत्त्वाकांक्षाही एकच: मासेमारीच्या काठ्या आणि रीळ बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने आपल्याला स्पॉन्सर करावं.

यात माझा संबंध असा, की मी एका फरसाण कंपनीचं सोशल मीडिया बघते. आईला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बघत तर मीपण असते दिवसभर, मला कोण पगार देतंय?” पण काकांनी मात्र बातमी कळताच माझ्या नोकरीची किंमत ओळखली. दुसऱ्याच दिवशी हातात फोन आणि तळलेल्या कोलंबीचा डबा घेऊन दारात हजर. “पल्लवी,” ते म्हणाले, “तू आतली माणूस आहेस.” कोलंबी इतकी चांगली होती की मी नाही म्हणू शकले नाही.

खरं तर दोष काकांचा नाही, जमान्याचा आहे. पूर्वी छंद म्हणजे बायकोच्या डोळ्यांआड करायची गोष्ट असायची. आता कॅमेऱ्यासमोर केला नाही तर तो केला असं कोणी धरतच नाही. पालेगावात काकांची एक मावसबहीण गच्चीवर गुलाब लावते. तिने गुलाबांचे व्हिडिओ टाकले, तर एका खतवाल्या कंपनीने तिला घरपोच गोण्या पाठवल्या. तेव्हापासून ती बाई त्या गोणीला सोफ्यासारखी रेलून फोटो काढते. शिवमंदिराजवळचा एक सायकलवाला आहे, त्याला हेल्मेट आणि गॉगल मिळाला. तो आता जेवतानाही गॉगल घालतो म्हणे. हे सगळं काकांच्या जिव्हारी लागलं. “गुलाबाला कंपनी मिळते,” ते म्हणत, “आणि मरळ माशाला नाही?”

आता आमच्या भागात ‘कंपनी’ या शब्दाला एक वजन आहे, ते बाहेरच्यांना कळायचं नाही. कंपनी म्हणजे भोंगा, शिफ्ट, कॅन्टीन, आणि दिवाळीला मिठाईचा पुडा. मुलगा काय करतो? कंपनीत आहे. विषय संपला. त्यामुळे काकांनी स्पॉन्सरशिप मागितली ती नोकरी मागितल्यासारखी. काठीवाल्या कंपनीच्या इनबॉक्समध्ये त्यांनी बायोडेटा टाकला, आयटीआयचं सर्टिफिकेट टाकलं, आणि पासपोर्ट साइजचा फोटो टाकला, ज्यात ते टाय लावून बसले होते आणि मासे पकडण्याशी त्यांचा दुरूनही संबंध दिसत नव्हता.

मग ते रोज कामावर जाऊ लागले. सकाळी सातला, फर्स्ट शिफ्टच्या टायमाला, व्हिडिओ टाकायचा म्हणजे टाकायचा. पाण्यावर गेले नसतील त्या दिवशी गळाला तेल लावतानाचा टाकायचा, खाली लिहायचं, ‘आज मेंटेनन्स’. साडूच्या मुलीच्या लग्नाला खेडला जायचं होतं तेव्हा त्यांनी कंपनीला रीतसर कळवलं, ‘घरगुती कार्यानिमित्त व्हिडिओ टाकू शकणार नाही, तरी रजा मंजूर व्हावी ही विनंती.’ पलीकडून यंत्राने ठरलेलं उत्तर फेकलं की आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू.

काका खूश. “मंजूर झाली, ताबडतोब. आमच्या जुन्या कंपनीत सुपरवायझर याच्यासाठी चपला झिजवायला लावायचा.”

घरात तर त्यांनी उच्छाद मांडला होता. केस काळे केले. दाढी रोज. लुंगीवर गॅलरीत यायचं बंद झालं. का, तर “कंपनी बघतेय.” हे त्यांचं पालुपद. कधी बघेल, कुठून बघेल, सांगता येत नाही. काकू भाजी निवडता निवडता म्हणायच्या, “बघतेय ना? मग तिला सांगा दळण घेऊन यायला.” दिवाळीला कंपनीकडून पुडा आला नाही म्हणून काका दोन दिवस घुश्शात होते. तिसऱ्या दिवशी स्वतःच कंपनीची बाजू घेतली, “नवीन माणसाला पहिल्या वर्षी देत नाहीत.”

खरी पंचाईत पाण्यावर व्हायची. बारवी धरणाच्या मागच्या अंगाला, ठेकेदाराची पावती फाडून, काका बसायचे. पूर्वी त्यांच्या जोडीला उल्हासनगरचे सिंधी व्यापारी परसू शेठ असायचे. शेठचं लेस, बटणं आणि अस्तराचं दुकान आहे. दोघं तासन्‌तास शेजारी बसायचे आणि एक अक्षर बोलायचे नाहीत, म्हणून तर इतकी वर्षं टिकली दोस्ती. मागच्या वर्षापासून शेठ येईनासे झाले होते आणि त्यांच्या जागी कॅमेरा धरून मी बसले होते. मला वाटलं काका कुजबुजत बोलतील. पण कॉम्प्रेसरच्या शेजारी जन्म काढलेल्या माणसाला कुजबुज येत नाही.

“मित्रांनो, जय भीम, नमस्कार. आज आपण बारवीला आलेलो आहोत आणि इथे एकदम शांतता पाळायची आहे,” असं ते पाण्याकडे तोंड करून ओरडले, तेव्हा पलीकडच्या काठावरचे बगळे उठले. माशांनी काय केलं असेल ते मी सांगायला नको.

वर शेळ्या घेऊन एक म्हातारी उभी होती. तिने मला हळूच विचारलं, “कोनाशी बोलतंय गं यो?”

“कंपनीशी.”

“दिसत तं नाय कुठं,” म्हातारी म्हणाली आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.

कॅमेरा आल्यापासून काकांना मासा लागणंच बंद झालं. मासेवाला माणूस आणि मासा नाही, किती दिवस चालणार? शेवटी एके दिवशी त्यांनी मला न सांगता बाजारातून चांगला रोहू आणला, गळाला अडकवून पाण्यात सोडला, आणि माझा कॅमेरा सुरू झाल्यावर आरडाओरडा करत बाहेर ओढला. बनाव उत्तम वठला होता. फक्त मासेवालीने सवयीप्रमाणे रोहूचं पोट साफ करून, खवलं काढून दिली होती, आणि गडबडीत आम्हा दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. व्हिडिओखाली पहिलीच प्रतिक्रिया आली, ‘काका, बारवीत मासे आंघोळ करून येतात काय?’ दुसऱ्याने विचारलं की मसाला लावलेला कुठल्या काठावर मिळतो. तो व्हिडिओ सगळ्या बदलापुरात फिरला. भाजीवाला काकूंना कोथिंबीर देताना हसायचा.

काका मात्र खचले नाहीत. “हसू दे. कंपनीने बघितला असेल तर बास.”

मी एकदा विचारलं, “काका, कंपनीकडून तुम्हाला नक्की पाहिजे काय?”

त्यांनी फोनमधला एक फोटो दाखवला. काठीला बसवायचं बॅटरीवर चालणारं रीळ. बटण दाबलं की दोरी आपोआप गुंडाळली जाते, हाताने फिरवायची गरज नाही. “फक्त हे. दुसरं काही नको. टोपीसुद्धा नको.”

मला जरा हसूच आलं. ज्या माणसाने आयुष्यभर नट-बोल्टवर पाने फिरवले त्याला म्हातारपणी दोरी गुंडाळायचा कंटाळा. काकू तर आतून म्हणाल्या, “बटण दाबून मासा काढायचा तर मग मासेवालीला फोनच करा ना.” काकांनी फोन खिशात टाकला.

शेवटी मी माझ्या ऑफिसमधल्या ओळखीने त्या कंपनीतल्या खऱ्या माणसापर्यंत पोहोचले. त्याने अंघोळ केलेला रोहू बघितला होता, पोट धरून हसलाही होता. पण काकांना बघणारी माणसं कमी पडतात, त्यामुळे स्पॉन्सर करणं जमणार नाही, असं त्याने गोडीत सांगितलं. भेट म्हणून एक खोका मात्र पाठवला.

काकांनी तो खोका उघडायला जॅकेट घातलं. आत टोपी होती, कंपनीचे स्टिकर होते, आणि एक किल्ल्या अडकवायची साखळी. काकांनी पॅकिंगचा कागद बाहेर काढला, झटकला, खोक्यात पुन्हा हात फिरवला.

“रीळ गोडाऊनला राहिलं असेल,” ते म्हणाले.

मला राहवलं नाही. “काका, बाजारात मिळतं ते. तुम्ही घेऊ शकता की. फुकटच पाहिजे असा हट्ट का?”

काका खोक्याची झाकणं नीट बंद करत बसले. उत्तर काकूंनी दिलं. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

“यांना नकोय ते. शेठसाठी पाहिजे.”

परसू शेठना मागच्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला, पाय ओढत चालतात. एका हाताने काठी धरता येते, पण मग दोरी गुंडाळणार कोण? म्हणून बारवी सुटली. तेव्हापासून शेठ दुकानात गल्ल्यावर बसून असतात आणि कोणी पाण्याचा ग्लास पुढे केला तरी रागावतात.

“मग तुम्हीच द्या ना त्यांना,” मी म्हटलं.

“मी दिलं तर नाही घेणार,” काका म्हणाले. “चल बारवीला, तुझी काठी मी उचलतो म्हटलं, तर हाकलून दिला मला. म्हणाला, गायकवाड, दया नको करू. पण कंपनीनं दिलं तर ते सॅम्पल झालं. सॅम्पलला दुकानदार नाही म्हणत नाही. त्याच्याकडे कितीतरी कंपन्यांचे लोक येतात, बटणं देऊन जातात, लेस देऊन जातात. घेतो तो. तो त्याचा मान आहे.”

मी इतके दिवस या माणसाचे व्हिडिओ काढत होते आणि पोटभर हसत होते. त्या दिवशी मी उगाच टोपीची शिवण बघत बसले.

पुढच्या आठवड्यात काकांनी रीळ विकत आणलं. किमतीचं लेबल नखाने खरवडून काढलं, रिळाच्या खोक्यावर चारी बाजूंनी कंपनीचे स्टिकर चिकटवले, टोपी वर ठेवली. दुपारच्या निवांत वेळी आम्ही दोघं शेठच्या दुकानात गेलो. मी फोन धरला.

“शेठ, कंपनीनं पाठवलंय,” काका म्हणाले. आवाज नेहमीसारखाच दणदणीत, पण नजर अस्तराच्या ताग्यांवर. “सॅम्पल आहे. एका हाताने चालतं का ते टेस्टिंग करून पाहिजे त्यांना. माझे दोन्ही हात चालतात, मी काय सांगणार?”

“मेरेको कैसे पहचानती है कंपनी?”

“मी नाव दिलं.”

शेठनी डाव्या हाताने खोका ओढला. आम्ही दोघंही मदतीला पुढे झालो नाही. त्यांनी खोका सावकाश फिरवून बघितला, चारी बाजू, मग तळ. तळाला एका कोपऱ्यात पेन्सिलीने तीन बारीक अक्षरं लिहिलेली होती. काकांनी ती कारखान्याची खूण समजून तशीच ठेवली असावीत. मलाही काही वावगं वाटलं नव्हतं. पण बाजारातला प्रत्येक दुकानदार मालाची खरेदी किंमत अशी अक्षरांच्या गुपित खुणांत खोक्यावर लिहून ठेवतो, म्हणजे घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला कळत नाही. हे मला त्या दुकानातच कळलं, कारण समोरच्या फळ्यांवरच्या बटणांच्या प्रत्येक डब्यावर तशीच अक्षरं होती. कारखान्यातून सरळ आलेल्या सॅम्पलवर ती कशी असतील?

शेठ त्या अक्षरांकडे बघत राहिले. मग काकांकडे. काका अजून अस्तरच बघत होते. शेठनी अंगठ्याला थुंकी लावली आणि ती अक्षरं पुसून टाकली, कोपरा काळा होईपर्यंत.

मग त्यांनी माझ्या फोनकडे तोंड केलं. “कंपनी को बोलना, माल अच्छा है. टेस्टिंग करेगा हम.”

काकांनी मोठ्याने श्वास सोडला.

“गायकवाड साईं,” शेठ म्हणाले, “इतवार को आ जा मेरेको लेने. रिक्षा से उतरते टाइम और पानी तक जाते टाइम हाथ पकडना पडेगा.”

“धरतो,” काका म्हणाले. पहिल्यांदाच मी त्यांना हळू बोलताना ऐकलं.