सहा सेकंदांचे बाबा

बाबांचा शॉट पुसून टाकावा की असू द्यावा, एवढाच प्रश्न होता. मी म्हटलं, असू दे. जागा फार खात नाही, पुढेमागे उपयोगी पडेल. (पडला. कसा, तेच सांगतो.)

शाळेशी माझं नववीतच फाटलं. भांडण काही नव्हतं. वर्गात उभं राहून उत्तर द्यायची वेळ आली की उत्तर येत असूनही माझं तोंड उघडायचं नाही, आणि उत्तर न येणारा मुलगा आणि न बोलणारा मुलगा यांतला फरक मास्तरांना कळायचा नाही. पुढे पुढे तो मलाही कळेनासा झाला. मग मी गल्लीच्या टोकाला स्टुडिओवाल्या काकांकडे लग्नाच्या फिल्म जोडायला बसलो. ते काम मला मानवलं. पडद्यावरची माणसं थांबवता येतात, मागे नेता येतात, आणि ती आपल्याला 'सध्या काय चाललंय' असं विचारत नाहीत.

सहा वर्षांनी काकांनीच बातमी आणली की शहरातल्या बातम्यांच्या वाहिनीला एडिटर हवा आहे. मी गेलो. तिथल्या मुख्य मॅडमनी माझ्या कामाचा नमुना अर्धा मिनिट पाहिला, चष्मा केसांवर चढवला आणि शिक्षण विचारलं. मी खरं सांगितलं. त्यांनी मला पुन्हा एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, सोमवारपासून आठवडाभर ये, रविवारी ठरवू.

घरी आईला आनंद झाला. बाबांना संशय आला.

यात त्यांचा दोष नाही. एकतीस वर्षं ते एका कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि संशय हे त्यांचं कामच होतं. स्टोअरकीपरने जगावर विश्वास ठेवला तर आठवडाभरात स्क्रूंना पाय फुटतील, असं ते म्हणत. घरातसुद्धा साबणाच्या वडीवर छापलेलं वजन ते काट्यावर पडताळत. कपाटाला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघत, आणि मग आपण ओढताना कोणी बघत तर नव्हतं ना, हे मागे वळून बघत. तीन आठवड्यांनी ते निवृत्त होणार होते. एकतीस वर्षांत स्टोअरमधला एक बोल्टसुद्धा इकडचा तिकडे झाला नाही, हे ते इतक्यांदा सांगत की आम्हाला त्या बोल्टाचीच कीव येई.

"नववीत शाळा सोडलेल्या मुलाला टीव्हीवाले घेतात," ते आईला म्हणाले, "यात काहीतरी काळंबेरं आहे. कागदावर सही करू नकोस म्हणावं."

(माझी सही कोणी मागितलीच नव्हती.)

सोमवारी मॅडमनी मला एक छोटा कॅमेरा दिला. शॉट कसा घेतात हे कळल्याशिवाय तो कापता येत नाही, तेव्हा घरी जा आणि ज्याला कळणार नाही अशा माणसाला टिपून आण, असं त्यांनी सांगितलं. मी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात लपून बाबांना टिपलं. आधी कुलूप ओढणारा हात, मग हळूहळू वर जात चेहरा. चष्मा कपाळावर, डोळे बारीक, मान मागे वळलेली. मंगळवारी मॅडमनी तो पाहिला आणि म्हणाल्या, हात हलतोय तुझा, पण चेहरा झकास पकडलास, कोण आहे हा? मी म्हटलं, आहेत एक ओळखीचे. वडील म्हणायला लाज वाटली नव्हती, पुढचे प्रश्न टाळायचे होते. तो शॉट पुसायचा की नाही, हा प्रश्न मला पडला तो तेव्हा.

वाहिनीत सगळे मला 'लग्नवाला' म्हणू लागले होते. बुधवारी मी आगीच्या बातमीत लग्नाच्या फिल्ममधल्यासारखी दोन दृश्यं एकमेकांत विरघळवली, म्हणून.

गुरुवारी बस डेपोतून टायर चोरीला गेल्याची बातमी आली. चाळीस टायर. रिपोर्टर संध्याकाळी पावणेसातला धापा टाकत आला, चित्रं माझ्या पुढ्यात टाकली आणि आवाज भरून निघून गेला. बातम्या सातला. मी भराभर जोडत गेलो. डेपोचं फाटक, रिकामी मांडणी, डेपोचे साहेब बोलताहेत, पोलीस लिहितोय. सगळं बसलं, आणि शेवटचं वाक्य उरलं: 'या चोरीत आतलाच कोणी सामील असावा, असा पोलिसांना संशय आहे.' सहा सेकंदांचं वाक्य, आणि त्यावर टाकायला चित्र नाही. बुलेटिन सांभाळणारा दारातून डोकावून म्हणाला, चार मिनिटं राहिलीत, पडदा काळा गेला तर उद्या यायची तसदी घेऊ नकोस.

मला बाबांचा हात आठवला. हात आणि कुलूप. हात काय, कोणाचाही असतो. मी तो उचलून वाक्याखाली टाकला. तो तीन सेकंदांचा निघाला.

आता इथे दुसऱ्या कुठल्याही एडिटरने तेच तीन सेकंद पुन्हा जोडले असते. पण मी स्टुडिओवाल्या काकांच्या हाताखाली तयार झालो होतो, आणि त्यांचा पहिला नियम होता की लग्नात हात दाखवलास तर त्या हाताचा चेहरा दाखवायचाच, नाहीतर ते नातेवाईक पैसे बुडवतात. सहा वर्षांत हजारो हात मी चेहऱ्यांपर्यंत पोचवले होते. माझ्या बोटांनी मला न विचारताच पुढचे तीन सेकंद चेहरा जोडला. बातमी गेली.

पहिल्यांदाच माझी जोडलेली अख्खी बातमी लागणार म्हणून मी घरी आधीच सांगून ठेवलं होतं. आईने समोरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना आणि त्यांच्या बायकोला चहाला बोलावलं होतं. पुढचं मला आईकडून कळलं. बाबांनी चष्मा पुसायला काढला होता. पडद्यावर तो चेहरा आला आणि बाबांनी बोट रोखलं.

"हाच," ते म्हणाले. "डोळे बघा त्याचे. एकतीस वर्षं असलेच डोळे ओळखत आलोय मी."

मग पोस्टमास्तरांची बायको चाचरत म्हणाली, "पण भाऊजी, हे तर तुम्हीच."

(माणूस आरशात स्वतःला समोरून बघतो. बाजूने आपण कसे दिसतो हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.)

पोस्टमास्तरांनी चहा अर्धा ठेवला आणि घरी कुलूप नीट लागलंय का बघून येतो म्हणाले. ते परत आले नाहीत.

मी घरी पोचलो तेव्हा बाबा येरझाऱ्या घालत होते. आपला फोटो टीव्हीला कोणी दिला, हा एकच प्रश्न ते भिंतींना विचारत होते. मी हातपाय धुतले. रविवार अजून तीन दिवस लांब होता.

शुक्रवारी बाबांच्या न्हाव्याने जन्मात पहिल्यांदा गप्प राहून दाढी केली. पोस्टमास्तरांनी सायकलला साखळी लावली. ती सायकल दहा वर्षांपासून चाक नसलेली होती. आमच्याशी सगळे जरा जास्तच गोड बोलू लागले. बाबा डेपोत कधी कामाला नव्हते हे गल्लीला पाठ होतं, पण टीव्हीने दाखवलंय म्हणजे उगाच नसेल, असंही गल्लीला वाटत होतं.

शनिवारी बाबा कारखान्यातून आले आणि बूट काढता काढता बुटांनाच सांगितल्यासारखे म्हणाले, की मॅनेजरनी स्टोअरला दुसरं कुलूप घातलंय. किल्ली त्यांच्याकडे. चौकशी होईपर्यंत फक्त, मनाला लावून घेऊ नका म्हणाले. मग ते उठले, घरातल्या कपाटाला कुलूप लावलं आणि एकदाही ओढून पाहिलं नाही.

मी स्वयंपाकघरात गेलो. आई कणीक मळत होती.

"सांगणार कधी?" तिने विचारलं.

"तुला माहीत आहे?"

"टीव्हीवर दिसलं ते माझ्या माहेरचं कपाट आहे. बिजागरीजवळचा उडालेला रंग मला कळत नाही होय? तुझी नोकरी लागेपर्यंत गप्प बसावं म्हटलं. पण आता ते कुलूपसुद्धा ओढत नाहीत. जा."

मी गेलो. बाबा वहीत संशयितांची यादी करत बसले होते. पहिला नंबर पोस्टमास्तर, दुसरा न्हावी, तिसरे मॅनेजर स्वतः. नऊ जण होते. मी दोनदा वाचली.

"यात माझं नाव नाही," मी म्हटलं.

"तुझा विचार केला होता," बाबा म्हणाले. "पण तू तिथे चहाच देत असशील ना? चहावाल्याला कोण यंत्रांना हात लावू देतंय."

मला काय झालं कोण जाणे, मी वर्गात कधी दिलं नाही इतक्या खणखणीत आवाजात उत्तर दिलं. शॉट मी घेतला, बातमीत मी टाकला, चुकून टाकला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, पेन्सिल कानावर ठेवली आणि विचारलं, "कोणाच्या सांगण्यावरून?"

त्यांचा विश्वासच बसेना. एवढं मोठं काम हा एकटा करूच शकत नाही, याच्यामागे कोणीतरी आहे, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मी म्हटलं, उद्या चला, दाखवतो. म्हणून रविवारी, जो माझ्या नोकरीच्या निकालाचा दिवस होता, मी माझ्या गुन्ह्याच्या जागी माझ्या फिर्यादीला हात धरून घेऊन गेलो.

एडिटिंगच्या खोलीत मी बातमी लावली. हात, चेहरा, कुठून कापलं, कसं जोडलं, सगळं करून दाखवलं. बाबा खुर्चीच्या टोकावर बसून बघत होते. बघता बघता त्यांचा माझ्यावरचा राग मागे पडला आणि चेहऱ्यावर ते एकतीस वर्षांचं काहीतरी आलं.

तेवढ्यात मॅडम आल्या. मी उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं की गुरुवारच्या बातमीतले संशयित माझे वडील आहेत, चूक माझी आहे, आणि मी माझं सामान घेऊन जातो. (सामान म्हणजे डबा.) मॅडमनी चष्मा केसांवरून डोळ्यांवर आणला. बाबांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, परत बाबांकडे पाहिलं.

"तुम्हाला कळतंय का," त्या मला म्हणाल्या (रागावल्या की त्या अहो-जाहो करतात), "हे माझ्यावर खटला भरू शकतात."

"ते नंतर," बाबा म्हणाले. "आधी ती रिकामी मांडणी पुन्हा लावा."

मी लावली.

"थांबव. चार फळ्या. एका फळीवर बसचे टायर बसतात सहा. झाले चोवीस. चाळीस कुठे ठेवले होते?"

"खाली असतील," मॅडम म्हणाल्या.

"खाली असते तर धुळीत गोल डाग दिसले असते. धूळ सारखी आहे. बाई, चोवीस टायर गेले असतील तर गेले असतील. उरलेले सोळा कधी आलेच नव्हते. ते कागदावरच होते, आणि चोरी झाली म्हणून ते कागदावरूनही सुटले. डेपोच्या त्या साहेबांना सोळा टायर कुठल्या फळीवर होते ते विचारा, आणि ते बोलताना माझ्या मुलाला म्हणावं त्यांचा चेहरा टीप."

मॅडमनी पडद्यावरच्या फळ्या बोटाने मोजल्या. मग त्यांनी रिपोर्टरला फोन लावला.

दोन दिवसांत सोळा टायरांचं प्रकरण बाहेर आलं. साहेब रजेवर गेले. मॅडमनी खुलासाही दिला, की त्या दिवशी दिसलेल्या गृहस्थांचा चोरीशी काही संबंध नाही. त्यासाठी मी बाबांना समोरून, नव्या शर्टात, दिवसाउजेडी टिपलं. (त्यात ते आधीपेक्षा जास्त संशयित दिसले, पण खुलासा ऐकू येत होता.) मॅनेजरनी दुसरं कुलूप स्वतः काढलं. पोस्टमास्तर उरलेला चहा प्यायला आले.

माझ्याबद्दल मॅडम म्हणाल्या की चार मिनिटांत पडदा काळा न जाऊ देता बातमी बाहेर काढली, म्हणजे हात चालतो. विचार करायला वेगळा माणूस ठेवू. मला घेतलं. आणि वेगळा माणूस म्हणून निवृत्तीनंतर बाबांना ठेवलं. रोज संध्याकाळी दोन तास, प्रत्येक बातमी बाहेर जाण्याआधी ते बघतात आणि तिच्यावर संशय घेतात. त्यांच्या कार्डावर 'सल्लागार' लिहिलंय, माझ्या कार्डावर 'प्रशिक्षणार्थी'.

परवा आम्ही दोघं वाहिनीच्या गाडीतून घरी येत होतो. बाबा पुढे, मी मागे कॅमेऱ्याच्या पेट्यांजवळ. गाडीचा ड्रायव्हर नवीन होता. त्याने आरशातून मला न्याहाळलं आणि बाबांना विचारलं, मागचा पोरगा काय शिकलाय, कसा लागला इथे?

मी बाबांकडे पाहिलं. सगळं प्रकरण सांगायची ही चांगली संधी होती. बाबांनी काच वर केली, ड्रायव्हरकडे जरा झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"माझाच आहे. आता मुलाचं म्हटल्यावर वशिला लावावाच लागतो."