मुथोनीचं रुखवत

वांजिरूच्या आईला दोनच गोष्टी हव्या होत्या. लेकीने वेळेवर जेवावं, आणि आपण विणलेली टोपली ज्याच्या घरी जाईल त्याला आपलं नाव ठाऊक असावं. म्हणून ब्रँडला तिचंच नाव ठेवलं, 'मुथोनी'. केनियातून जळगावला फार्मसी शिकायला आलेली वांजिरू आणि तिची तिथल्याच मेहरूण भागातली मैत्रीण मयुरी यांनी पहिलं प्रदर्शन मांडलं ते एका मंगल कार्यालयातल्या बाजूच्या खोलीत, कारण ती स्वस्तात मिळाली. स्वस्त का, ते मोठ्या हॉलमध्ये सनई सुरू झाल्यावर कळलं.

दुपारपर्यंत चिटपाखरू फिरकलं नाही. फिरकले ते वधूपिता, अमळनेरकडचे रतिलालनाना.

"जेवाले चला."

"नाना, आम्ही वऱ्हाडी नाही. प्रदर्शन मांडलंय," मयुरी म्हणाली.

"कार्यालयमा उन्यात ना? मंग उपाशी कशा जाशात?"

मांडवातून कुणी उपाशी गेलं तर खानदेशात यजमानाचं नाक कापलं जातं. दोघी वरण-बट्टीच्या पंगतीला बसल्या आणि वाढप्यांच्या आग्रहात अडकल्या.

परत येतात तो खोली बायकांनी भरलेली. मधोमध धुळ्याच्या वरमाय सुनंदाबाई, मांडीवर मुथोनीची टोपली. मंडळी रुखवत बघायला निघाली होती. खरं रुखवत समोरच्या खोलीत होतं: नवरीच्या मावशीने, बेबाबाईंनी केलेले कापसाचे हंस, पापडांचा मनोरा, साखरेचं तुळशीवृंदावन. पण बायकांनी आधी हेच दार उघडलं आणि यालाच रुखवत समजल्या.

"अशी टोपली अख्ख्या धुळ्यात नाही," सुनंदाबाई म्हणाल्या. "पोरीच्या हाताला वळण आहे."

मयुरीने तोंड उघडलं, तोच मागे नानांनी हात जोडले.

"माय, काई बोलू नको. सकायपाईन इहीन फुगेल शे, आते कोठे हासनी. बठ्ठं मी इकत लेस." सकाळपासून रुसलेली विहीण आत्ता कुठे हसली होती, तेवढ्यासाठी नाना सगळा माल विकत घ्यायला तयार होते.

"पण नाना, आईचं नाव..." वांजिरू म्हणाली.

तोवर नानांनी 'मुथोनी'चा फलक गुंडाळून बगलेत मारला होता.

संध्याकाळी टोपल्या, मण्यांच्या माळा, रंगीत कापडाच्या पिशव्या, सगळं रुखवत म्हणून टेम्पोतून धुळ्याला गेलं. पहिल्याच प्रदर्शनात सगळा माल खपला आणि मुथोनीचं नाव एकाच्याही कानावर गेलं नाही. आईचा फोन आला, "लोक काय म्हणाले?" वांजिरूने रेंज नसल्याचं सांगून तो ठेवला. तिला फार वाईट वाटत होतं.

आठवड्याने नवरीचा, रोशनीचा, रडवेला फोन.

"ताई, सासूबाई गावभर सांगत सुटल्यात, टोपल्या सुनेनं विणल्या म्हणून. मंगळवारी बायका बोलावल्यात. सगळ्यांसमोर विणून दाखव म्हणतात. मला साधी वेणी धड येत नाही."

"मलाही टोपली येत नाही," वांजिरू म्हणाली. "येते ती आईला."

मंगळवारी दोघी मैत्रिणी धुळ्यात हजर. तांब्याला टेकवून मोबाइल ठेवला, पडद्यावर केनियातून मुथोनी. बायकांकडे पाठ करून रोशनीने गुपचूप बघत विणायचं, असं ठरलं होतं. पण तिची पहिलीच गाठ बघून मुथोनी आपल्या भाषेत अशी कळवळून ओरडली की सगळ्या माना वळल्या.

"ह्या कोण?" सुनंदाबाईंनी विचारलं.

रोशनीच्या हातातून दोरा सुटला. "टोपल्या ह्यांच्या आहेत, मम्मी. मुथोनी नाव त्यांचं. मी काहीच केलं नाही."

सुनंदाबाईंनी डोक्यावरून पदर घेतला आणि मोबाइलपुढे मांडी घातली. "नमस्कार, मुथोनीताई. जरा सावकाश शिकवा, आम्ही सगळ्याच बसतो."

वांजिरूने ते आईला तिच्या भाषेत सांगितलं.

"तुम्हाला माहीत होतं?" मयुरीने सुनंदाबाईंना विचारलं.

"समोरच्या खोलीतल्या हंसांवर माझ्या लेकाचं, योगराजचं, नाव होतं. मी काय आंधळी आहे? सून आपणहून सांगेल म्हणून वाट बघितली. नाही बोलली, म्हणून बायका जमवल्या."

"मग त्या दिवशीच का नाही बोललात?"

सुनंदाबाईंनी काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं.

"हंसांच्या माझ्याकडे आधीच तीन जोड्या आहेत."