गोळ्यास मोर्तब केले त्याची हकीकत

श्री जठराग्नी प्रसन्न. ज्याचे पोटी भूक त्याचे कानी ही हकीकत घालितो. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, कार्तिकमासी, समुद्रतीरीच्या एका थोर बंदरी हे वर्तमान घडले. राज्याचे नाव सांगत नाही, पावाचे सांगतो. गलबतांबरोबर या बंदरी पाव आला आणि पावाबरोबर आंबट गोळा आला. कालची कणीक थोडी राखावी, तिजला रोज नवे पीठपाणी द्यावे, मग ती फसफसोन उद्याचा पाव फुगवी, तो हा गोळा. एक दिवस उपाशी राहिला तर रुसे, चार दिवस राहिला तर मरे. असा जुना गोळा बंदरात एकच, दुमिंगबाबा भट्टीवाल्यांचे घरी, तीन पिढ्यांचा. बाबांचा रुबाब ऐसा की गोळा आपल्या पुण्याईवर जगतो. परंतु बारा वर्षे त्यास पीठपाणी देत होती ती सून रेजिना, हे अवघ्या पेठेस ठाऊक, एक बाबांस मात्र नव्हे. पुत्र समुद्री निवर्तला, मग सासरासुनेचे पटेना, आणि बाबा बोलिले की एका भट्टीस धनी एकच. रेजिनाबाईने वाद केला नाही. मूठभर गोळा केळीच्या पानात घेतला, आणि कोळीआळीत आपली भट्टी मांडिली, आणि तिचे दारी गिऱ्हाईक दाटले.

दोन महिने बाबा स्वस्थ होते, आणि मग अकस्मात कचेरीत उभे राहिले की सुनेने गोळा चोरिला, तो सगळा परत देववावा आणि तिची भट्टी पाडावी. न्यायाधीश हरबाजीपंत यांनी पुसिले की मूठ गेली तरी गोळा वाढोन पुन्हा तेवढाच होतो, मग चोरी कशाची? बाबा म्हणाले, मूळ ते मूळ. पंतांनी सांगितले, तर आपले मूळ आणा, ताडून पाहू. बाबांस तेव्हाच खोकला आला. मग ठराव जाहला की चौथे दिवशी निवाडा व्हावा, चोरी ठरल्यास बाईने बंदर सोडावे, आणि तोवर तिचा गोळा, नखभरही न राखिता, बरणीत घालोन मोर्तबासह कचेरीत ठेवावा. बाईने इतकीच विनंती केली की लाख लावू नये, फडके बांधावे, त्यास वारा लागतो आणि रोज मूठभर पीठ लागते. कारकून हसोन बोलिले की सरकारी मोर्तबास वारा लागत नाही.

दोन दिवस बरणी आतून फुसफुसत होती आणि पहारेकरी चार हात लांब बसत होते. बाई रोज पदरी पीठ बांधोन येई आणि रोज तशीच परत लाविली जाई. तिसरे दिवशी बरणी गप्प जाहली. चौथे दिवशी कचेरी भरली, लाखेच्या फटीतून शिरक्याचा उग्र दर्प येऊ लागला, आणि पंतांनी बाबांस पुन्हा पुसिले, मूळ आणिले काय? बाबांची नजर बरणीवर, रंग उतरलेला, प्रतिवादीच्या मालासाठी वादीचा जीव इतका कासावीस जाहलेला कोणी पाहिला नव्हता. मग ते उठले, चालत गेले, आणि मुठीने मोर्तब फोडिले. पहाऱ्याच्या तरवारी अर्ध्या बाहेर आल्या, कारण मोर्तब फोडणाराचा हात तोडावा हा दंडक. बाबांनी बोट बुडवोन जिभेस लाविले.

“अजून आहे,” ते म्हणाले. “पीठ आणा कोणीतरी.”

“वादीनेच मोर्तब फोडावे?” पंत म्हणाले.

“माझा मेला, पंत. ती गेली त्या आठवड्यातच मेला. मला वाटले, तो आपसूक जगतो.”

रेजिनाबाईने पदराची गाठ सोडिली, पीठ बरणीत ओतिले, आणि वर न पाहता बोलली, “विरजण मागायला वाटी लागते, मामंजी. कचेरी लागत नाही.”

तरवारी तशाच होत्या. कारकून दंडक वाचावयास उभे राहिले. पंतांनी बरणीकडे पाहिले, बाबांच्या हाताकडे पाहिले, आणि सांगितले, “लिहा. मोर्तब गोळ्याने आतून फोडिले.”

कारकून म्हणाले, “पंत, साऱ्यांच्या देखत—”

“मग गोळ्यास धरा. हात सापडला तर तोडा.”

तरवारी म्यानात गेल्या, फिर्याद खारीज जाहली, कोळीआळीची भट्टी राहिली, आणि बाईने गोळ्याचे दोन भाग केले. थोरला कोणास दिला ते आम्ही पाहिले, लिहीत नाही. सारांश, जित्या जिनसेस लाख लावू नये, आणि ज्याचे तोंडी मागणे येत नाही त्याचे तोंडी फिर्याद येते. येथे लेखणी पुसोन ठेविली.