दुपट्ट्याखालचा हात

आमच्या शेजारचे सूर्यभानजी तोंडापेक्षा बोटांनी जास्त बोलतात. वाचूनच गोंधळलात ना? मी तर भिंतीला भिंत लावून राहतो, माझी काय गत होत असेल!

सूर्यभानजी मारेगावच्या बैलबाजारातले दलाल. तिथली जुनी रीत अशी की भाव तोंडानं बोलायचा नाही. दुपट्ट्याखाली हातात हात घालायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा, भोवतालच्यांनी नुसतं बघत राहायचं. हीच सवय घरीदारी. चहा घेता का विचारलं, की माझा हात दुपट्ट्याखाली ओढून दोन बोटं दाबणार. दोन कप की दोन घोट, देव जाणे! वर मलाच म्हणणार, "समजलं ना? मंग कायले इचारतं?"

कापसाचा भाव बसला त्या वर्षांत बाजारात बैल विकणारेच सगळे, घेणारा औषधालाही नाही. दुपट्टा नुसता खांद्यावर राहायला लागला. त्यातच त्यांच्या छातीत कळ आली. त्यांची बायको, गिरजाकाकू, गेल्यापासून घरात दुसरं कोणी नाही, म्हणून मीच त्यांना नागपूरला नेलं.

डॉक्टर तरुण, हसतमुख. म्हणाले, "काका, मनगटाच्या नसेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊ. अडथळा कुठंय ते कळेल." मनगट दाबून ते तळहाताचा रंग पाहायला लागले, तोच सूर्यभानजींनी झटकन दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकला.

"काका, मला हात दिसला पाहिजे."

"दिसला तं भाव फुटन ना!"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"अन् हात मी देत नाई. मांडीतून घाला नळी."

आता बोला! मांडीतून केलं की तासन् तास पाय न हलवता पडून राहावं लागतं, म्हणून बाकीचे पेशंट हातातून करा म्हणून मागे लागतात. आणि घडीभर एका जागी न बसणारा हा माणूस पाय पुढे करतो!

"बोटं मुकी झाली तं?" ते पुटपुटले.

डॉक्टरांनी समजावलं, "हाताला रक्त द्यायला दुसरी नस आहे. तीच तर तपासून पाहतोय."

माझं डोकं फिरलं. "धंदा तसाही बसलाय, काका! जीव मोठा की हात?"

त्यांनी दुपट्टा काढून खांद्यावर टाकला. मग हात डॉक्टरांपुढे केला. "घे बाप्पा."

नळी गेली, अडथळा निघाला, रस्ता मोकळा झाला. मनगटाला घट्ट पट्टा बांधून त्यांना बाहेर आणलं, तर पहिला शब्द, "दुपट्टा आण." दुपट्ट्याखाली त्यांनी माझी दोन बोटं धरून सावकाश दाबली.

"आता कशाचा भाव, काका?" मी वैतागलो.

"भाव नोय रे. गिरजा नवी नवरी होती, घर माणसानं भरलेलं. सगळ्यायपुढं बोलाची सोय नोती. मंग पदराखाली असं दाबून इचारो, 'जेवली का?' आताबी जेवाच्या आधी तिच्या रिकाम्या पाटावर बोटं दाबून इचारतो. हात मुका झाला तं कसं इचारू?"

"अन् काकू काय म्हणायच्या?"

"करंगळी दाबे. म्हंजे, जेवली. पण खोटं. माह्याआधी कधीच जेवली नाई."

मी दुपट्ट्याखाली त्यांची करंगळी दाबली. सकाळपासून माझ्याही पोटात काही नव्हतं.

"लबाड," सूर्यभानजी म्हणाले, आणि त्यांनी माझा हात सोडलाच नाही.