खैरनार सरांना मान्य नाही

आमच्या घरी सत्यनारायण होता. मी खैरनार सरांना प्रसादाला बोलवायला गेलो आणि शनिवारी या म्हणालो. कुणी 'येतो' म्हणेल, कुणी 'नाही जमत' म्हणेल. खैरनार सरांनी दाराची कडी धरून विचारलं, "शनिवारच का? वार कोनी सुचवला?"

"बायकोनं," मी म्हणालो.

"हं. मग रविवारी काय अडचन होती?"

शेवटी आले, दोनदा शिरा मागून खाल्ला आणि जाताना भटजींना बाजूला घेऊन शनिवारची चौकशी केलीच.

खैरनार सर सिल्वासाला आमच्या कॉलेजात खेळ शिकवतात, म्हणजे हॉकी शिकवतात. बाकीच्या खेळांना ते खेळ मानत नाहीत. मूळचे धुळ्याचे. बायको-मुलं तिकडे, हे इथे टोकरखाड्यात आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये एकटे. "यात गोम आहे भो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दूधवाल्यानं एखाद्या दिवशी दूध जरा दाट घातलं, तरी त्यात गोम असते.

नदीपलीकडच्या कॉलेजाशी दरवर्षी आमचा हॉकीचा सामना होतो. सामना तासाभराचा, पण त्याची तारीख ठरायला महिना जातो. तिकडचे सोळंकी सर आणि आमचे खैरनार सर बोलणी करायला एकमेकांच्या कॉलेजात पाऊल टाकत नाहीत. दुसऱ्याचा चहा प्यायला की भीड पडते, यावर मात्र दोघांचं एकमत आहे. म्हणून दोन्ही कॉलेजांच्या मधे, अथालच्या एका टपरीवर बसायचं, आपापल्या चहाचे पैसे आपण द्यायचे आणि प्रत्येकानं एक साक्षीदार आणायचा. आमच्याकडून मी. मी अर्थशास्त्र शिकवतो, हॉकीतलं मला ओ की ठो कळत नाही. म्हणूनच मी फुटणार नाही, असं सरांचं मत.

एकदा सोळंकींनी बुधवार सुचवला. खैरनार सरांनी पंधरा दिवस माग काढून शोधलं, की त्यांच्या टीममधली दोन पोरं कॉलेज सांभाळून ज्या कंपनीत काम करतात, तिला बुधवारची सुट्टी असते. "म्हंजे त्यांची पोरं झोप काढून येनार आनि आपली रात्रपाळी करून!" सामना गुरुवारी झाला. सोळंकीही काही कमी नाहीत. खैरनार सरांनी संध्याकाळची वेळ मागितली, की ते आधी विचारतात, "सूरज किसकी आँख में आएगा?" मी मधे बसून चहावर चहा पितो. घरी आलो की जेवण जात नाही आणि बायको माझ्याकडे संशयानं बघते.

यंदा मात्र आक्रीतच झालं. खैरनार सरांनी नेहमीसारखी पहिली तारीख टाकली. ही तारीख नुसती सांगायची असते, भाजीवालीच्या पहिल्या भावासारखी. तिच्यावर कुणी हो म्हणत नाही. सोळंकी म्हणाले, "चालशे. आपको ठीक, तो हमको ठीक." आणि अर्धा चहा टाकून निघून गेले.

त्यानंतर खैरनार सरांची झोपच उडाली. "बाहेरून पोरं आनली त्यांनी. पक्कं!" असं मला जिन्यात, स्टाफरूममध्ये, भाजीबाजारात ऐकावं लागलं. एकदा तर माझ्याकडेच डोळे बारीक करून बघत म्हणाले, "तुम्ही तर त्यांना काही बोलला नाही ना?"

शेवटी एका संध्याकाळी माझ्या स्कूटरवरून आम्ही त्यांच्या कॉलेजच्या मैदानामागे गेलो. ओळख पटू नये म्हणून सरांनी हेल्मेट काढलंच नाही. हेल्मेट घालून भिंतीवरून डोकावणारा माणूस बघायला रस्त्यावरचा जो तो थांबू लागला.

मैदानात सात पोरं होती. गोलमध्ये पायांना पॅड बांधून स्वतः सोळंकी सर उभे होते. पोट सावरत ते वाकायचे, चेंडू कधीच आत गेलेला असायचा, मग गुडघ्यावर हात टेकून उठायचे आणि चेंडू मारणाऱ्याला "शाबाश" म्हणायचे.

"बाकी टीम किधर है?" मी वॉचमनला विचारलं.

"कंपनी में, साहब. सब की शिफ्ट बदल गई. कॉलेज के बड़े साहब बोले हैं, इस साल मॅच नहीं हुआ तो हॉकी बंद, ग्राउंड क्रिकेट को दे देंगे. अब सात में क्या मॅच होगा?"

सोळंकींनी तारीख का मान्य केली, ते मला तेव्हा कळलं. जो सामना होणारच नाही, त्याच्या तारखेवरून कोण भांडेल?

परतताना मी म्हणालो, "चला सर, न खेळताच जिंकलो." सर बिल्डिंगच्या फाटकाशी उतरले, हेल्मेट काढलं आणि तिथेच उभे राहिले.

"मी घरी फोन लावतो ना, तर पोरं दोन मिन्टात ठेवून देतात. बायको म्हनते, जेवले का, झालं. हा सोळंकी माझ्याशी दोन-दोन तास भांडतो भो. हॉकी गेली, तर तो अथालला कशाला येईल?"

एवढी वर्षं समोर राहून मी या माणसाची फक्त गंमत बघत आलो होतो.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सोळंकींना टपरीवर बोलावलं. "तारीख मंजूर नहीं," बसायच्या आधीच म्हणाले.

"आप ही ने तो दी थी," सोळंकी थकून म्हणाले.

"मैंने दी और आपने ले ली, इसीलिए तो शक आया. और आपके गेट की तरफ का ग्राउंड खोदके रखा है. मेरे बच्चों के पैर तोड़ने हैं? आधे ग्राउंड पे खेलेंगे. सात-सात." काल आम्ही पाहिलेलं मैदान मात्र कुठेच खोदलेलं नव्हतं.

सोळंकी त्यांच्याकडे बघतच राहिले. "आपके तो ग्यारह हैं, खैरनारभाई."

"उसमें के चार का मेरेको भरोसा नहीं."

सोळंकींनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसत बसले. तो पुसून झाला तरी पुसतच होते. मग त्यांनी तो डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "सात मंजूर. लेकिन अंपायर आपका नहीं चलेगा."

निघायला म्हणून अर्धे उठलेले खैरनार सर परत बाकावर टेकले. "क्यों नहीं चलेगा?" त्यांनी आवाज चढवला. सोळंकींनीही चढवला. टपरीवाला भांडी आवरायला लागला तरी दोघं उठेनात. घरी माझी वाट बघत होते, पण मी चला म्हणालो नाही.