तीनपैकी दोन खुणा

नाव पिराजी, बापाचं नाव फकीरराव, अंगात पायजमा, दारातूनच ‘सलाम मास्तर’. अनंतरावांनी धर्माच्या रकान्यात ‘मुसलमान’ लिहिलं, टाक पुसला आणि पुढचं घर गाठलं.

एक्कावन्न सालची शिरगणती होती. अनंतराव पुण्याहून बी.एस्सी. होऊन झरीजवळच्या या गावी शाळेवर आले होते, तेही हंगामी. निजामाचा मुलूख त्यांनी याआधी पाहिला तो थेटरातल्या पडद्यावर. तिथे दिवाणापासून पखालवाल्यापर्यंत सगळे शेरवानीत आणि बोलणं आदाबाशिवाय नाही. तेव्हा इथे बहुसंख्या कोणाची, हा प्रश्न त्यांच्यापुरता सुटलेलाच होता.

पोलीस ॲक्शनला अजून अडीच वर्षंही झाली नव्हती. कुणाला तोंडावर धर्म विचारणं त्यांच्या जिवावर येई. म्हणून त्यांनी एक शास्त्रीय पद्धत बसवली. नाव, पोशाख आणि रामराम की सलाम, या तीन खुणा. तीनपैकी दोन जुळल्या की निकाल. धोतर-पटक्यातला दगडू नावाचा म्हातारा ‘राम राम’ म्हणत पुढे आला, तेव्हा तिन्ही जुळल्या आणि पद्धतीवरचा त्यांचा विश्वास दुणावला.

एकशे अठरा घरांपैकी सत्त्याण्णव मुसलमानांची निघाली.

तपासायला परभणीहून तहसिलीतले विष्णुपंत आले. त्यांनी चिठ्ठ्या चाळल्या, चष्मा काढला, पुसला आणि परत चाळल्या.

“मास्तर, माझी आत्या याच गावात दिलीय. परवाच तिच्याकडं सत्यनारायणाला जेवलो. तिचं घर कशात घातलंत, बघा जरा.”

आत्याचे यजमान निजामाच्या कचेरीतून निवृत्त झालेले. शेरवानी घालून त्यांनी मास्तरांना आदाब केला होता. दोन खुणा जुळल्या होत्या.

विष्णुपंत ओरडले नाहीत, हे जास्त वाईट होतं. उद्या दुपारी बारापर्यंत सगळ्या चिठ्ठ्या दुरुस्त होऊन तहसिलीत पोचायला हव्यात, नाहीतर वर कळवावं लागेल, एवढंच ते म्हणाले. वर कळलं की नोकरी कायम होण्याचं नाव नको, हे अनंतरावांना कुणी सांगायला नको होतं.

ते तडक घरी आले. ते राहत होते पिराजीच्याच ओसरीवर, उंबऱ्याच्या आत मात्र कधी गेले नव्हते. त्याच्या आईनं, मनकर्णाबाईनं, सगळं ऐकून घेतलं.

“माझी तीन लेकरं गेली बाबा. मंग पीरसाहेबाला नवस बोलले तवा ह्यो जगला. ज्यानं दिला त्याचं नाव ठिवलं. ह्याचा बाप बी तसलाच, नवसाचा. अर्धं गाव तसलंच हाय.”

“पण तुमचा धर्म कोणता?”

“आमी धनगर. खंडोबाचे.”

“म्हणजे हिंदू लिहू?”

“लिव्हा की. पीरसाहेबाचं बी लिव्हा.”

रकान्यात एकच मावतं, हे मास्तरांनी समजावून सांगितलं.

“मंग सरकारला म्हणावं, रकाना मोठा कर,” म्हणून ती चुलीकडे वळली.

एका घराला अर्धा तास गेला होता. या वेगानं अडीच दिवस लागले असते. मास्तर कपाळाला हात लावून बसले, तेव्हा मनकर्णाबाईनं पिराजीला पाठवून दगडूला बोलावून घेतलं. दगडू गावचा मुलाणी. लग्नाचं असो की खंडोबाच्या नवसाचं, बोकड कापायला त्याचीच सुरी. कोणत्या घरात कोणता देव बसतो, कोण पिराला दिवा लावतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

“मुलाणी?” अनंतराव चाचरले. “म्हणजे तुम्ही मुसलमान?”

“तर काय. तुमी इचारलं कुठं, मास्तर?”

त्या दिवशी दगडूनं स्वतःच्या ज्वारीची काढणी सोडली. तेव्हापासून दिवस मावळेपर्यंत तो ओसरीवर बसून एकेक घर सांगत गेला. मास्तर जुनं खोडत, नवं लिहीत, प्रत्येक खाडाखोडीवर सही करत. मनकर्णाबाई मधून मधून भाकरी आणि ताक पुढे सरकवी. शेवटी मुसलमानांची घरं भरली सात. त्यातली पाच मास्तरांनी हिंदूंत घातली होती.

दुसऱ्या दिवशी बाराच्या आत चिठ्ठ्या पोचल्या. विष्णुपंतांनी आत्याचं घर तेवढं पाहिलं आणि सही केली. अनंतराव परत आले ते थेट दगडूच्या शेतात. दिवस मावळेपर्यंत ज्वारी उपटून उपटून हाताला फोड आले. शेवटी दगडू म्हणाला, “आमाला काय द्यायचं न्हाई. मनकर्णाबाईनं तुमच्या नोकरीचा नवस बोललाय पीरसाहेबाला. तेवढा फेडा म्हंजे झालं.”

चैत्र लागला, तसं शाळेच्या परीक्षेचा निकाल पाहून नोकरी पक्की होणार अशी कुणकुण आली. मनकर्णाबाई हुकूम येईपर्यंत थांबेना. गुरुवारी तिनं तूप-गुळाचा मलिदा करून दिला, आणि बोडक्या डोक्यानं दर्ग्यात जातात का, म्हणून दटावून मास्तरांच्या डोक्याला हिरवा रुमाल गुंडाळला. मास्तरांनी नवस मनापासून फेडला. दगडूसाठी आणि मनकर्णाबाईसाठी त्यांना तिथे जे म्हणायचं होतं ते मनातल्या मनात म्हणून झालं, तेव्हा कुठे ते बाहेर आले.

पायरीशी एक सायकल थांबली. शाळाखात्याचे नवे साहेब पुण्याकडचे होते. त्यांनी रुमालाकडे पाहिलं, हातातल्या मलिद्याकडे पाहिलं आणि फार अदबीनं कपाळाला हात नेला.

“सलाम मियाँजी. वो अनंतराव मास्तर किधर मिलेगा? उसका कायम होने का हुकूम लाया है.”

अनंतरावांनी सलाम घेतला आणि साहेबांच्या ओंजळीत मलिदा घातला.

“पहले ये खाइए साहब. उसके नोकरीकाच है.”